रेरा एकच, पण जमीन कुणाच्या नावावर?

पुण्यात फ्लॅट घेताना जे कागद तपासले तेच बंगळूरमध्ये तपासले तर पुरेल का, रेरा तर देशभर एकच आहे, असं तुम्ही विचारलंय. नाही पुरणार. तिथे बदली होऊन गेलेल्या आपल्या लोकांची इथेच गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेरा हा बिल्डर आणि घर घेणारे यांच्या व्यवहारांसाठीचा २०१६ चा केंद्राचा कायदा. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, हे कर्नाटकातही बंधनकारक आहे. पश्चिम बंगालनं स्वतःचा वेगळा कायदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये रद्दच केला. पण जमीन हा राज्याचा विषय, आणि घराची मालकी शेवटी जमिनीवर येऊन ठरते.

आपल्याकडे सोसायटी असेल तर आपण करारनामा नोंदवतो आणि मुद्रांक शुल्क तेव्हाच भरतो. जमीन पुढे सोसायटीच्या नावावर व्हायची असते. १९६३ च्या मोफा या महाराष्ट्राच्या फ्लॅट-मालकी कायद्यानं ते बिल्डरवर बंधनकारक केलं, तरी कित्येक बिल्डर हे हस्तांतरण (कन्व्हेयन्स) करून देतच नाहीत. म्हणून २००८ च्या दुरुस्तीनं मानीव अभिहस्तांतरण आलं, म्हणजे बिल्डरनं केलं नाही तरी सरकारी आदेशानं जमीन सोसायटीच्या नावावर होते. आमच्या सोसायटीला त्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जावं लागलं. बिल्डरची सही नसतानाही आदेश मिळाला, तो दिवस मी विसरणार नाही. (पुण्यात 'अपार्टमेंट' पद्धतीच्या इमारतीही आहेत, त्यांचं डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे प्रत्येक फ्लॅटचा वेगळा दस्त होतो. ते बंगळूरच्या पद्धतीला जवळचं.)

बंगळूरमध्ये प्रत्येक फ्लॅटचं स्वतंत्र खरेदीखत होतं आणि जमिनीतला अविभाजित हिस्सा, तिथले लोक 'यूडीएस' म्हणतात तो, त्यातच लिहिलेला असतो. तो किती चौरस फूट आहे आणि सगळ्या फ्लॅटांचे हिस्से मिळून प्लॉटच्या क्षेत्राशी जुळतात का, हे आधी बघा. उद्या पुनर्विकास निघाला तर तुमच्या हातात तेवढाच आकडा असणार.

खाता, म्हणजे पालिकेच्या दप्तरातली मिळकतीची नोंद, 'ए' आहे की 'बी' हेही विचाराच. 'बी' म्हणजे कर वसुलीपुरती केलेली नोंद. ती मंजुरीचा पुरावा नव्हे, आणि बँका अशा मिळकतीवर कर्ज द्यायला कचरतात. शेतजमीन बिगरशेती करणं, आपण ज्याला एनए म्हणतो, त्याला तिथे 'डीसी कन्व्हर्जन' म्हणतात, आणि सात-बाराच्या जागी आरटीसी. मिळकतीवर कर्जाचा वगैरे बोजा आहे का हे तपासायला दस्त नोंदणाऱ्या दुय्यम निबंधकांकडून ईसी (बोजा दाखला) काढा.

जुने दस्त कन्नडमध्ये असतील. ते बिल्डरनं सुचवलेल्या वकिलाकडून नको, तिथल्याच पण तुम्ही स्वतः शोधलेल्या वकिलाकडून वाचून घ्या, आणि टोकन त्यानंतरच द्या.