महिनाअखेरचा तो फोन म्हणजे त्रास नाहीये गं

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीपाशी थांबले. त्या ओळीवर येतेच, पण आधी तू काय लिहिलंयस ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुझ्यासारखे अजून जे कोणी हे वाचतील त्यांना संदर्भ लागेल.

कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष. गेले १४ महिने एकटीने एक अॅप बनवतेयस, गाण्याचे, नाचाचे, चित्रकलेचे खाजगी क्लास घेणाऱ्यांसाठी, त्यात हजेरी, फी, वेळापत्रक, प्रगतीपुस्तक सगळं. २१२ जणांनी नाव नोंदवलं, गेल्या महिन्यात त्यातल्या ६ जणांनी अॅप उघडलं, पैसे एकानेही दिले नाहीत. आता तुला वाटतंय की सगळं नवीन फ्रेमवर्कमध्ये (म्हणजे कोडच्या नव्या तयार सांगाड्यात) परत लिहावं, एआय चॅट टाकावं आणि मग पुन्हा लाँच करावं. हातात एका कंपनीची ऑफर आहे, दोन महिन्यांनी जॉइन व्हायचंय, बाबा म्हणतात नोकरी धर, आणि तू विचारतेयस की नोकरी नाकारून पूर्ण वेळ यात उतरू का, गुंतवणूकदार शोधू का.

आणि मग मध्येच, जाता जाता ही ओळ: "एक गाण्याच्या मॅडम आहेत, त्या दर महिनाअखेरीला फोन करून म्हणतात मला फक्त कोणाची फी राहिलीय त्याची एक्सेल करून पाठव ना, अॅपमध्ये सगळं आहे तरी त्यांना कळतच नाही, माझा अर्धा दिवस त्यातच जातो."

अगं, तुझ्या अख्ख्या पत्रात धंदा कुठे असेल तर तो या एका ओळीत आहे, आणि तू ती तक्रार म्हणून लिहिलीयस!

थोडं त्यांच्या बाजूने बघ. ४० मुलं, तीन बॅचेस, दोन बहिणी आहेत त्यांची फी एकत्र येते, एकाने अर्धी फी आगाऊ दिलीय, एकाच्या बाबांनी ऑनलाइन पैसे पाठवले पण खात्यात आडनाव वेगळं दिसतंय त्यामुळे कोणाचे ते कळत नाही, कोणीतरी मधेच दोन आठवडे आजारी होतं तर त्याला सूट द्यायचीय. हे सगळं त्यांच्या वहीत आणि डोक्यात आहे. आणि पैसे मागायला त्यांना संकोच वाटतो, कारण त्या शिक्षिका आहेत, वसुलीवाल्या नाहीत. महिनाअखेरीला त्यांना एकच कागद हवाय: नाव, किती बाकी, कोणाला फोन करायचा. तुझं अॅप त्यांना काय देतं? एक विद्यार्थी टाकायला ११ रकाने (मी डेमो उघडून मोजले), आणि बाकी फीची यादी चौथ्या स्क्रीनवर, तीही बॅचनुसार, म्हणजे तीन वेळा उघडून बेरीज करायची. त्यांना कळत नाही असं नाहीये. त्यांना नेमकं काय हवंय ते अगदी स्वच्छ कळतंय आणि त्या दर महिन्याला न चुकता तुला फोन करून सांगतायत. एक फुकटची वस्तू टाकून द्यायच्याऐवजी कोणीतरी तिच्यासाठी दर महिन्याला फोन करतंय याचा अर्थ गरज खरी आहे. बाकीच्या २०६ जणांनी तेवढाही त्रास घेतला नाही.

तर माझं म्हणणं असं की पुढचे दोन महिने कोडला हात लावू नकोस. नवीन फ्रेमवर्क तर अजिबात नको. ती मॅडमची एक्सेल हेच तुझं प्रॉडक्ट समज आणि तशाच अजून पाच जणांना हाताने करून दे. हो, हाताने. त्यांनी वहीचा फोटो पाठवायचा, खात्यातले व्यवहार पाठवायचे, तू जुळवून यादी द्यायची. करताना कुठे अडकतेस ते रोज लिहून ठेव, कारण आडनाव जुळत नाही, भावंडांची फी एकत्र येते, अर्धा महिना सूट असते, याच अडचणी उद्या तुझ्या सॉफ्टवेअरचा गाभा होतील आणि त्या कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मिळत नाहीत. आता तर कोड लिहायला एआयची मदत एवढी मिळते की नुसतं कोड येणं ही आपली वेगळी ताकद राहिलेली नाही, पण दोन बहिणींची फी एकत्र येते आणि त्यातली एक सुट्टीवर असली की हिशोब कसा करायचा हे ज्याने दहा जणांच्या वह्या बघितल्यात त्यालाच माहीत असतं.

हे काही मी एकटी सांगत नाहीये. पीटर लेव्हल्स हे नाव तू ऐकलं असशील, एकट्याने वेबसाइट बनवून विकणारा प्रोग्रामर, त्याने २०१४ मध्ये बारा महिन्यांत बारा स्टार्टअप करायचं ठरवलं होतं, त्यातलं नोमॅड लिस्ट सुरू झालं ते चक्क एका गूगल स्प्रेडशीटवरून. कुठल्या शहरात राहून काम करणं परवडतं, इंटरनेट कसंय, याची शीट त्याने सगळ्यांना खुली करून दिली, लोकांनीच ती भरली, आणि मग त्याची साइट झाली. साइटसुद्धा पीएचपी आणि जेक्वेरी या जुन्या, साध्या तंत्रांत. तुझं सध्याचं फ्रेमवर्क जुनं झालंय ही काळजी तुझ्या ६ वापरकर्त्यांपैकी एकालाही नाहीये, खरंच.

आता पैशाचं, कारण इथेच बहुतेक डेव्हलपर पाय मागे घेतात. तू लिहिलंयस, "आधी लोकांना सवय लागू दे मग चार्ज करीन." सवय फुकटाची लागते गं, आणि एकदा लागली की सुटत नाही. बफर हे सोशल मीडियाचं टूल २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा जोएल गॅस्कॉइनने आधी काय केलं, तर एक साधं पान टाकलं, त्यावर माहिती आणि बटण, ते दाबलं की प्रॉडक्ट अजून तयार नाही, ईमेल द्या. मग मध्ये अजून एक पान घातलं, किमतींचं, फुकटचा प्लॅन आणि पैशांचे प्लॅन, लोक कशावर क्लिक करतात ते बघायला. लोक पैशाच्या प्लॅनवरही क्लिक करतायत हे दिसल्यावर त्याने खरं प्रॉडक्ट बनवायला घेतलं. तुझ्याकडे तर क्लिकपेक्षा मोठी गोष्ट आहे, फोनवर बोलणारं माणूस आहे.

किंमत किती ठेवायची तर सर्व्हरचा खर्च बघून ठरवू नकोस. मॅडमना विचार की गेल्या वर्षभरात किती फी मागायची राहून गेली, किती मुलं बाकी ठेवून क्लास सोडून गेली. समजा तुझ्या यादीमुळे वर्षाला चार फी वाचणार असतील तर एका फीएवढी तुझी वर्षाची किंमत सहज होऊ शकते, आणि ती त्यांना महागही वाटणार नाही कारण तो हिशोब त्यांच्याच तोंडचा आहे. आणि आकडा सांगितल्यावर गप्प बसायला शीक. "म्हणजे तुम्हाला जास्त वाटत असेल तर..." हे वाक्य आपणच बोलतो आणि आपणच भाव पाडतो.

नोकरी घे. हे मी बाबांची बाजू घेऊन सांगत नाहीये. घरभाड्याची चिंता असली की माणूस वाटेल त्या गिऱ्हाइकाला हो म्हणतो, कोणी म्हणालं आमच्या शाळेसाठी बस ट्रॅकिंग टाक की तू ते टाकत बसशील आणि सहा महिन्यांनी तुझं प्रॉडक्ट म्हणजे दुसऱ्यांच्या फर्माइशींची गाठोडी होईल. पगार असला की नाही म्हणता येतं. पॅट्रिक मॅकेन्झी या इंजिनियरने जपानमध्ये नोकरी करताकरता २००६ मध्ये शिक्षकांसाठी शब्दांची बिंगो कार्डं छापून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर काढलं, सुरुवातीचं बजेट ६० डॉलर. किती बारीक गरज बघ, पण शिक्षकांना ती होती आणि मोठ्या कंपन्यांना तिच्यात रस नव्हता. त्याने नोकरी सोडली २०१० मध्ये, जवळजवळ चार वर्षांनी. तुला चार लागतील असं नाही, पण माझं मोजमाप असं की सॉफ्टवेअरचा खर्च वजा जाऊन उरलेले पैसे सलग सहा महिने तुझ्या घरखर्चाएवढे आले तर सोडायचा विचार कर, एका चांगल्या महिन्यावर नको.

मात्र ऑफरवर सही करायच्या आधी करारातलं एक कलम नीट वाच. बऱ्याच कंपन्यांच्या करारात असं असतं की नोकरीत असताना तू जे काही बनवशील ते कंपनीचं, कधीकधी सुट्टीच्या वेळात केलेलंसुद्धा, आणि बाहेरचं काम करायला लेखी परवानगी लागते. तुझं अॅप नोकरीच्या आधीपासूनचं आहे हे एचआरला ईमेलने कळव, आधीपासूनच्या कामांची यादी जोडायची सोय असेल तर त्यात ते लिही, आणि उत्तर लेखी घे. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं ईमेल यासाठी कधीच वापरायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

गुंतवणूकदाराचं एका दमात सांगते, नको. त्यांचं गणित असं असतं की दहातल्या एकदोन कंपन्या प्रचंड मोठ्या व्हाव्यात म्हणजे बाकीच्यांचं नुकसान भरून निघेल. पाचशे शिक्षकांनी दिलेल्या पैशात तुझं घर मस्त चालेल, पण त्यांच्या लेखी ते अपयश, मग तुला नको त्या दिशेला पळवतील.

आता एक गणित जे तू आत्ताच करून भिंतीला लाव. दर महिन्याला ५ टक्के गिऱ्हाइकं सोडून जात असतील तर ऐकायला कमी वाटतं, पण आजच्या १०० पैकी वर्षाने साधारण ५४च उरतात. आणि तू दर महिन्याला १० नवीन आणत असशील तर तुझी संख्या २०० च्या वर कधीच जाणार नाही, कारण २०० चे ५ टक्के म्हणजे १०, जेवढे आले तेवढेच गेले. तेच गळती २ टक्क्यांवर आणलीस तर तीच मेहनत ५०० पर्यंत नेते. म्हणून नवीन फीचर आधी की जुनं गिऱ्हाईक का गेलं ते विचारायचं आधी, तर विचारायचं आधी. तुझ्या बाबतीत एक मला आत्ताच दिसतंय: लांब सुट्ट्यांत क्लास बंद असतात, त्या महिन्यात लोक पैसे का देतील? तेव्हा मासिक प्लॅनबरोबर वार्षिक प्लॅनही ठेव, किंवा सुट्टीत खातं थांबवून ठेवायची सोय दे, नाहीतर दर सुट्टीत अर्धे जातील आणि परत यायचं विसरतील.

व्हॉट्सअॅपवर फीची आठवण आपोआप पाठवायला तू ती अनधिकृत लायब्ररी (कोणीतरी लिहिलेला तयार कोड, ज्याला व्हॉट्सअॅपची परवानगी नाही) वापरणार आहेस असं लिहिलंयस, ते कृपा करून करू नकोस. नंबर ब्लॉक होईल, आणि तोही मॅडमचा, ज्यावर त्यांचे सगळे पालक आहेत. अधिकृत रस्ता घे किंवा नुसता तयार मेसेज दे, "पाठवा"चं बटण त्या स्वतः दाबतील. आणि अधिकृत असलं तरी सगळा जीव दुसऱ्याच्या दारात ठेवू नये. अपोलो नावाचं, रेडिट ही चर्चेची वेबसाइट वाचायचं सुंदर अॅप होतं, क्रिस्चन सेलिग या एका डेव्हलपरने वर्षानुवर्षं जपलेलं. २०२३ मध्ये रेडिटने एपीआयला, म्हणजे बाहेरच्या अॅपना माहिती देणाऱ्या दाराला, पैसे लावले, ५ कोटी रिक्वेस्टला (माहितीच्या मागण्यांना) १२ हजार डॉलर, त्याचा हिशोब वर्षाला साधारण २ कोटी डॉलरवर गेला आणि ३० जूनला अॅप बंद करावं लागलं. त्याच्या कामात काहीही खोट नव्हती. तुझी यादी व्हॉट्सअॅप नसतानाही उपयोगी पडली पाहिजे, ईमेलवर, कागदावर, कशीही.

आणि बॅकअप. मार्गदर्शनात यायच्या आधी मी स्वतः छोट्या वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर चालवायचे. रोज रात्री बॅकअप व्हायचा, मी निवांत. एका शनिवारी डेटाबेस बिघडला, बॅकअपची फाइल उघडली तर शून्य बाइट, मागची उघडली तीही शून्य, डिस्क भरल्यापासून कित्येक महिने रिकाम्याच फाइल बनत होत्या आणि मी एकदाही परत चढवून बघितलं नव्हतं. पुढचे अकरा दिवस वाचनालयांच्या छापील नोंदींवरून हाताने टाइप केलं. दोन वाचनालयं सोडून गेली, आणि त्यांचं बरोबरच होतं. तू महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून, त्यातून एक खरी यादी काढून बघ. लोकांच्या पैशाचा हिशोब तुझ्याकडे असणार आहे.

महिना संपायला अजून आठवडा आहे, तर या वेळी त्यांचा फोन यायच्या आधी तू फोन कर. अॅपबद्दल काही बोलू नकोस. त्यांना म्हण, वही समोर घ्या आणि गेल्या महिन्याची बाकी तुम्ही कशी काढता ते मला एकदा करून दाखवा, मी बघते. जमलं तर समोर बसून बघ. त्या कुठे थांबतात, कुठे खोडतात, कुठलं नाव आलं की सुस्कारा टाकतात ते लिहून घे. मग विचार की ही यादी दर महिन्याला २८ तारखेला मी तयार करून दिली तर वर्षाचे किती द्याल, आणि अजून कोणत्या दोन बाईंना हीच अडचण आहे.

त्या काय म्हणाल्या ते मला कळव, शक्यतो त्यांच्याच शब्दांत.