जंगलातला रस्ता कृष्णधवल छायाचित्रात करडा का पडतो?

प्रश्न : जुलैमध्ये आंबोलीला जांभूळ आणि अंजनीच्या झाडीतून जाणाऱ्या रस्त्याची धुक्यात बरीच छायाचित्रे काढली. रंगीत असताना ती जिवंत वाटतात, पण कृष्णधवल करताच पाने, खोडे आणि रस्ता एकाच करड्या छटेत मिसळून जातात. लाल फिल्टर लावला असता तर फरक पडला असता का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : लाल फिल्टरने अडचण वाढलीच असती. पानांवरून परतणाऱ्या प्रकाशात लाल भाग थोडा असल्याने त्या फिल्टरमागे झाडी काळवंडते. दूरच्या डोंगरांवरची निळसर धूसरता तो कमी करतो हे खरे; परंतु धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि तेथे या फिल्टरचा उपयोग होत नाही. फिल्मवर काम करणारे छायाचित्रकार झाडी उजळण्यासाठी पिवळट-हिरवा फिल्टर लावत. आज तेच काम संगणकावर रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदवलेल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर करता येते, मात्र एकेका रंगाची उजळता बदलणाऱ्या स्लायडरपैकी हिरव्याआधी पिवळा वाढवून पाहावा, कारण डोळ्यांना हिरव्या दिसणाऱ्या पानांत पिवळ्याचा वाटा मोठा असतो.

कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम करडे धरून चालतो, त्यामुळे पांढरे धुकेही मळकट उमटते. एक्स्पोजर सुमारे एक स्टॉप वाढवावे, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट प्रकाश घ्यावा.

तरीही माझ्या मते खरा प्रश्न रस्त्याचा आहे. रंग काढून घेतल्यावर रस्ता आणि झाडी यांना वेगळे करणारा उजेड-अंधाराचा फरकच उरतो, आणि तो संगणकावर निर्माण करण्यापेक्षा जागेवर शोधणे केव्हाही चांगले. पाऊस नुकताच थांबलेला असताना, झाडांमधून दिसणारे उजळ आकाश समोर ठेवून कॅमेरा थोडा खाली आणलात, तर ओले डांबर त्या आकाशाचा प्रकाश परावर्तित करते आणि रस्ता चौकटीतील सर्वांत उजळ पट्टा होतो. भिजलेली खोडे मात्र कोरड्यापेक्षा गडद दिसतात. पोलरायझर, म्हणजे परावर्तित चकाकी कमी करणारा फिरता फिल्टर, पानांवरची चकाकी घालवतो, पण तो पूर्ण फिरवल्यास रस्त्याची झळाळीही जाते; म्हणून दृश्यात पाहत तो हळूहळू फिरवावा आणि रस्ता विझू लागण्यापूर्वी थांबावे. पोलरायझरमुळे दीड ते दोन स्टॉप प्रकाश कमी होतो. तेव्हा ट्रायपॉड हवाच, आणि वारा पडेपर्यंत धीरही. घाटाच्या वळणावर मात्र ट्रायपॉड कधीही मांडू नये, धुक्यात वाहनचालकाला तुम्ही दिसणार नाही.

हाती असलेल्या छायाचित्रांपैकी रस्ता वळून धुक्यात नाहीसा होणारी निवडा. त्यांत जवळची दोन-तीन खोडे गडद करा, रस्ता किंचित उजळा आणि दूरच्या झाडांचा कॉन्ट्रास्ट अजिबात वाढवू नका, कारण ती फिकट होत गेल्यामुळेच रस्त्याची लांबी जाणवते.