वाचकांचे प्रश्न : पुरवठा साखळीतली वेठबिगारी कशी ओळखायची, कशी थांबवायची?

उद्योगांत खरेदी, मनुष्यबळ आणि उत्पादन सांभाळणाऱ्या वाचकांकडून सक्तीच्या श्रमांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचा कारखाना लहान आहे. परदेशी ग्राहकाने 'आधुनिक गुलामगिरी'बद्दल लांबलचक प्रश्नावली पाठवली आहे. आम्ही कुणाला डांबून ठेवलेले नाही. सगळीकडे 'नाही' लिहून पाठवली तर चालेल का?

तसे करू नका. आधी ही प्रश्नावली का आली ते पाहू. ब्रिटनच्या 2015 च्या कायद्यानुसार तिथे व्यवसाय करणाऱ्या आणि वार्षिक उलाढाल 3 कोटी 60 लाख पौंडांहून कमी नसलेल्या कंपन्यांना दरवर्षी जाहीर निवेदन द्यावे लागते. आपल्या कामकाजात आणि पुरवठा साखळीत गुलामगिरी रोखण्यासाठी काय केले, हे त्यात सांगायचे असते. ऑस्ट्रेलियाच्या 2018 च्या कायद्यात ही मर्यादा 10 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. ग्राहकाला त्या निवेदनासाठी तुमच्याकडून माहिती हवी आहे. सगळीकडे 'नाही' असलेला फॉर्म जाणकार खरेदीदाराला 'इथे कुणी पाहिलेलेच नाही' असेच सांगतो.

दुसरी गोष्ट व्याख्येची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1930 च्या करारानुसार कोणत्याही शिक्षेच्या धाकाने करून घेतलेले आणि माणसाने स्वखुशीने न पत्करलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम. शिक्षा म्हणजे मारहाणच असे नाही. थकलेला पगार बुडेल, कागदपत्रे परत मिळणार नाहीत, घरच्यांकडून कर्ज वसूल होईल, हा धाकही शिक्षाच आहे. 2021 सालासाठीच्या जागतिक अंदाजानुसार 2 कोटी 76 लाख माणसे सक्तीच्या श्रमांत होती आणि त्यातला मोठा भाग खासगी उद्योगांतला होता. त्यांतल्या अनेकांच्या दाराला कुलूप नसते.

सुरुवात स्वतःच्या आवारातून करा. एका कागदावर तुमच्या पगारपत्रकावर नसलेले, पण तुमच्यासाठी राबणारे सगळे लिहा : सफाई, सुरक्षा, उपाहारगृह, माल चढवणारे-उतरवणारे, हंगामी कामगार, बाहेर दिलेले शिवणकाम किंवा पॅकिंग. प्रत्येकापुढे चार रकाने करा : माणूस कुणी आणला, पगार कुणाच्या हातून मिळतो, राहतो कुठे, ओळखपत्र कुणाजवळ असते. ज्या ओळीत चारही उत्तरे 'कंत्राटदार' अशी येतील, तिथे आधी जा. कारण तिथे त्या माणसाचे सगळे आयुष्य एकाच माणसाच्या मुठीत आहे.

प्रश्न : कंत्राटदार कामगारांकडून भरतीसाठी पैसे घेतो असे कानावर येते. पण कामगार स्वतःच्या मर्जीने देतात. यात आमचा संबंध कुठे येतो?

संपूर्ण विषयात आम्हाला सगळ्यात कळीचा वाटतो तो हाच प्रश्न. मारहाण, कोंडून ठेवणे हे बहुतेक वेळा नंतर येते. सुरुवात कर्जाने होते.

हिशेब मांडून पाहा. नोकरी मिळवायला कामगाराने पाच महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम व्याजाने काढून दिली. दरमहा तो जास्तीत जास्त अर्धा पगार फेडीला लावू शकतो. म्हणजे नुसती मुद्दल फिटायला दहा महिने. व्याज धरले की वर्ष सहज उलटते. त्या काळात काम सांगितले होते त्याहून वेगळे निघाले, पगार कमी निघाला, ओव्हरटाइम सक्तीचा झाला, तरी तो सोडून जाऊ शकत नाही. त्याने मर्जीने पैसे दिले हे खरे असेलही, पण राहण्याची मर्जी उरलेली नसते. उचलीचेही तेच : कामाआधी दिलेली रक्कम, तिचा हिशेब मुकादमाच्या वहीत आणि ती वही कामगाराला कधी दिसत नाही. अशी उचल जाणूनबुजून न फिटणारी ठेवता येते.

म्हणून नियम एकच आहे : भरतीचा खर्च मालकाचा, कामगाराचा नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 मध्ये मान्य केलेल्या व्याख्येत दलालीबरोबर वैद्यकीय तपासणी, विमा, कौशल्य चाचणी, प्रशिक्षण, गणवेश व साधने, प्रवास व मुक्काम, व्हिसा आणि कागदपत्रांचा खर्चही धरला आहे. कंत्राटात 'कामगारांकडून शुल्क घेणार नाही' एवढे वाक्य घालून थांबू नका. कंत्राटदाराला दर माणशी तुम्ही किती देता, ते तपासा. त्या रकमेतून वरचे सगळे भागत नसेल, तर फरक कामगाराच्या खिशातून जातो आहे. दुसरीकडून यायला जागाच नाही. फुकट किंवा अगदी स्वस्तात माणसे पुरवणारा कंत्राटदार दिसला की खरेदी विभाग खूश होतो. खरे तर तिथेच थांबून विचारायला हवे.

कामगाराला विचारताना 'शुल्क दिले का?' असे विचारू नका; उत्तर पढवलेले असते. 'इथे यायचे ठरल्यापासून पहिल्या दिवसापर्यंत कुणाकुणाला किती दिले? ते पैसे कुठून आणले? अजून किती फेडायचे आहेत?' असे विचारा. गावातल्या ओळखीच्या माणसाला दिलेले पैसे कामगार 'शुल्क' समजत नाही, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला तो मनापासून 'नाही' म्हणतो.

प्रश्न : आमच्या पुरवठादारांचे दरवर्षी ऑडिट होते. अहवाल स्वच्छ असतात. आणखी काय करायचे?

ऑडिट एक-दोन दिवसांचे, बहुधा आधी कळवलेले, आणि मुलाखती कारखान्याच्याच एखाद्या खोलीत, जिथे आत कोण गेले हे सुपरवायझरला दिसते. दोन हजेरीपट ठेवणाऱ्याला एवढी सूचना पुरते. आग विझवण्याची साधने, शौचालये, वायुवीजन हे ऑडिटमध्ये चांगले सापडते. धाक सापडत नाही.

त्याऐवजी आकडे एकमेकांशी ताडून पाहा. समजा पुरवठादाराकडे 100 शिवणयंत्रे आहेत. आठ तासांत 48,000 यंत्र-मिनिटे होतात. कार्यक्षमता 60 टक्के धरली तर 28,800. एका शर्टाला 20 मिनिटे लागत असतील तर दिवसाला 1,440 शर्ट, 26 दिवसांत 37,440. आता महिन्याला 60,000 शर्ट वेळेवर आले असतील, तर उरलेले साडेबावीस हजार एक तर नोंदीबाहेरच्या तासांत शिवले गेले किंवा तुम्हाला ठाऊक नसलेल्या जागी. दोन्ही ठिकाणी धोका आहे. विजेचे बिल, फाटकावरची नोंदवही, सुट्टीच्या दिवशी निघालेल्या मालाच्या चलनाच्या तारखा हेही हजेरीपटाशी जुळवा.

पगाराची यादी एक्सेलमध्ये मागवा आणि बँक खाते क्रमांकाच्या रकान्यावर क्रम लावा. एकाच खात्यात पाच-सहा जणांचा पगार जात असेल, किंवा अनेकांच्या नावापुढे एकच मोबाइल क्रमांक असेल, तर पैसे कामगाराच्या हाती पडत नाहीत. खाती वेगळी असूनही एटीएम कार्डे मुकादमाजवळ असतात. हे यादीत दिसत नाही, विचारावेच लागते. मग कपातीचे रकाने पाहा : 'इतर', 'आगाऊ', 'निवास', 'दंड'. महिनोन्महिने तीच रक्कम कापली जात असेल आणि शिल्लक कुठेच लिहिलेली नसेल, तर ती कपात कर्जाची आहे असे धरून चौकशी करा.

मुलाखती कामाच्या जागेबाहेर, कामगाराच्या भाषेत, आणि कंत्राटदाराचा दुभाषी न घेता. तक्रार करायला फोन क्रमांक दिला असेल, तर तो कोण उचलतो ते आधी स्वतः फोन करून पाहा. वर्षभरात एकही तक्रार आली नाही याचा अर्थ बहुधा एवढाच, की त्या क्रमांकावर कुणाचा विश्वास नाही.

आणि एक गोष्ट तुमच्याच घरातली. शेवटच्या आठवड्यात डिझाइन बदलायचे, तारीख मात्र तीच ठेवायची. भाव असा पाडायचा की त्यात किमान वेतनही बसू नये. बिल चार महिन्यांनी द्यायचे. मग पुरवठादार ओव्हरटाइम आणि थकीत पगार यांवरच चालतो. कमी भाव मागणाऱ्याने वेतनाचा भाग आधी बाजूला काढून ठेवावा आणि घासाघीस उरलेल्या रकमेवर करावी. खरेदी अधिकाऱ्यांच्या बोनसमध्ये हे येत नाही तोवर आचारसंहितेची पुस्तिका भिंतीवरच राहते.

प्रश्न : कच्च्या मालापर्यंत माग कसा काढायचा? गिरणी प्रमाणपत्र देते, तेवढे पुरेसे आहे का?

नाही. वजन जुळवा. कापसातून सरकी काढल्यावर साधारण एक तृतीयांश वजनाची रुई निघते, आणि रुईचे सूत होताना आणखी 10-15 टक्के घट येते. म्हणजे 1,000 किलो कापसातून तीनशे किलोच्या आसपास सूत. प्रमाणपत्रातल्या कापसातून 500 किलो सूत निघाल्याचे दाखवले असेल, तर दुसरीकडचा कापूस मिसळला आहे. जिनिंगचे लॉट क्रमांक, सूतगिरणीची नोंद आणि वाहतुकीची कागदपत्रे एका धाग्यात बसली पाहिजेत. चीनच्या शिनच्यांग प्रांतातल्या मालाबाबत अमेरिकेचा 2022 पासून लागू झालेला कायदा तर उलटे गृहीत धरतो : तो सक्तीच्या श्रमांतूनच आला आहे, तसे नसल्याचा स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा आयातदाराने द्यायचा.

प्रश्न : एका पुरवठादाराकडे कामगारांचे पासपोर्ट जप्त केलेले आढळले. कंत्राट ताबडतोब तोडायचे का?

पहिल्या दिवशी तोडू नका. तुम्ही निघून गेलात की कर्ज, थकलेला पगार आणि पासपोर्ट तिथेच राहतात आणि बोललेला कामगार एकटा सापडतो. पुरवठादाराला जाब विचारण्याआधी माहिती देणाऱ्याची ओळख झाका. एकाच माणसाच्या मुलाखतीवरून मुद्दा काढू नका. पासपोर्टचा मुद्दा सगळ्या कामगारांबद्दल एकदम मांडा. मारहाण, लैंगिक अत्याचार, कोंडून ठेवणे किंवा लहान मूल आढळले तर मात्र वाट पाहायची नाही. त्यांना सुरक्षित जागी हलवण्याची सोय आणि पोलीस किंवा श्रम खात्याकडे तक्रार लगेच. परप्रांतीय किंवा परदेशी कामगारांच्या बाबतीत आधी स्थानिक कामगार संघटनेशी बोला, कारण व्हिसा मालकाशी बांधलेला असेल तर तक्रारीने कामगारालाच हाकलले जाऊ शकते.

मग लेखी मुदत द्या. पासपोर्ट काही दिवसांतच प्रत्येकाच्या हाती, आणि ते ठेवायला किल्ली त्याच्याचजवळ असलेला लॉकर. 'सुरक्षेसाठी आमच्याकडे ठेवले, त्यांनी सही केली आहे' हे उत्तर जवळपास सगळीकडे मिळते; मागितल्यावर त्याच क्षणी, कारण न विचारता परत मिळतो का, एवढे तपासा. त्यानंतर थकलेला पगार आणि भरतीसाठी घेतलेल्या पैशांची परतफेड. पावत्या नसतातच. म्हणून एकाच भागातून, एकाच वर्षी आलेल्या कामगारांनी सांगितलेल्या रकमा एकत्र करून दर ठरवा, व्याज धरा, नोकरी सोडून गेलेल्यांनाही शोधून द्या. पुढचे तीन-चार पगार तपासा, कारण दिलेले पैसे रोख स्वरूपात परत मागितले जातात.

हे होऊ शकते. मलेशियातल्या टॉप ग्लोव्ह या हातमोजे बनवणाऱ्या कंपनीच्या दोन उपकंपन्यांच्या मालावर अमेरिकेने जुलै 2020 मध्ये आयातबंदी घातली. कंपनीने कामगारांना 3 कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत केली आणि राहण्याची व्यवस्था सुधारली, तेव्हा सप्टेंबर 2021 मध्ये माल पुन्हा घेतला जाऊ लागला. तुमच्या हातात आयातबंदी नसेल, पण पुढची ऑर्डर आहे. ती परतफेडीच्या टप्प्यांशी जोडा आणि परतफेडीच्या खर्चात तुमचा वाटाही लेखी मांडा. पुरवठादार तरीही नकार देत असेल, तर कामगारांची देणी चुकती होईपर्यंतची योजना आधी ठरवून मगच बाहेर पडा.