गाडी ऑईल खाते, म्हणून एफडी मोडावी का?

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: 2012 ची 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, धाव 1,40,000 किलोमीटर, वापर महिन्याला साधारण 700. दर 1,500 किलोमीटरला एक लिटर ऑईल वरून घालावं लागतं. पुस्तिकेत ऑईलचा ग्रेड 5डब्ल्यू-30 लिहिलाय. मेकॅनिकचं म्हणणं, त्याहून जाड 20डब्ल्यू-50 घाला, नाहीतर 55,000 रुपयांत हाफ इंजिनचं काम (इंजिन उघडून रिंगा वगैरे बदलणं) करून घ्या. घरचे म्हणतात, ही काढा आणि सहा लाखांचं कर्ज काढून नवी घ्या. हाताशी दोन लाखांची एफडी आहे, तीच अडीअडचणीची. काय करावं?

एफडीला हात लावू नका, कर्जही काढू नका आणि 20डब्ल्यू-50 तर मुळीच घालू नका. आता कारणं सांगतो.

वर्षाला तुमची गाडी 8,400 किलोमीटर चालते, म्हणजे 5.6 लिटर ऑईल वरून लागतं. लिटरला 450 रुपये धरले तर 2,520 रुपये. तुमची सगळी काळजी या रकमेभोवती आहे. हाफ इंजिनचे 55,000 या बचतीतून वसूल व्हायला जवळपास 22 वर्षं लागतील. सहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 12,600 च्या आसपास बसतो, म्हणजे एका हप्त्यात पाच वर्षांचं टॉप-अप निघतं. नवी गाडी हवी असेल तर जरूर घ्या, पण तिचं कारण वेगळं असू द्या.

आता जाड ऑईल. समजा 20डब्ल्यू-50 मुळे खप एक तृतीयांशाने घटला, तर वर्षाला 840 रुपये वाचले. पण जाड ऑईल ढवळायला इंजिनाला जास्त ताकद लागते आणि ती पेट्रोलमधून येते. लिटरला 15 किलोमीटर मायलेज आणि 105 रुपये दर धरला तर तुमचं वर्षाचं पेट्रोल 58,800 रुपयांचं. मायलेज एक ते दोन टक्के घसरलं तरी 600 ते 1,200 रुपये गेले. 20डब्ल्यू-50 लिटरमागे शंभरेक रुपयांनी स्वस्त पडतं हे खरं. मात्र ते बहुधा मिनरल, म्हणजे सिंथेटिक नसलेलं असतं आणि 10,000 ऐवजी 5,000 किलोमीटरला बदलावं लागतं. म्हणजे तीही बचत गेली.

पैशांपलीकडचा धोका जास्त महत्त्वाचा आहे. ग्रेडमधला दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला जाडपणा सांगतो. 100 अंश सेल्सिअसला 30 ग्रेडचा जाडपणा 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक (जाडपणाचं एकक) असतो, 40 चा 12.5 ते 16.3 आणि 50 चा 16.3 ते 21.9. गार इंजिनात हा फरक आणखी वाढतो. 40 अंशांना 20डब्ल्यू-50 हे 5डब्ल्यू-30 च्या अडीच पट जाड असू शकतं. पंपाचा दाब वाढला की जादा ऑईल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत खालच्या ऑईल चेंबरमध्ये जातं, फिल्टरचा बायपास उघडून न गाळलेलं ऑईल पुढे सरकतं आणि हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत ऑईल पोचायला वेळ लागतो. सकाळी गाडी सुरू करून दहा मिनिटांत शाळा किंवा ऑफिस गाठणाऱ्यांची गाडी निम्मा वेळ याच अवस्थेत असते. इंजिनात व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर तिचे बारीक मार्ग पातळ ऑईल गृहीत धरून केलेले असतात. जाड ऑईलने ती उशिरा हलते आणि कधी चेक इंजिनचा दिवा लागतो.

शिवाय ऑईल नेमकं कुठून जातंय ते न पाहता ग्रेड बदलणं म्हणजे अंदाजपंचे काम. पिस्टनवरच्या ऑईल रिंगच्या खाचेतली बारीक भोकं काजळीने बुजली असतील तर सिलिंडरच्या भिंतीवरून खरवडलेलं ऑईल परत खाली जात नाही. तिथे जाड ऑईल फार काही करू शकत नाही.

म्हणून पहिला खर्च तपासणीवर करा. आधी खप नीट मोजा: सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑईल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, 1,000 किलोमीटर चालवा आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत यायला किती मिलिलिटर लागलं ते लिहून ठेवा. मग धूर बघा. रात्रभर उभी गाडी सुरू करताच निळा धूर येऊन थांबला, किंवा कसारा घाट ॲक्सिलरेटर सोडून उतरल्यावर पुन्हा दाबताच धूर आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. चढावर किंवा जोर लावताना सतत धूर असेल तर रिंगांवर. धूर नाही, पण टॅपेट कव्हरखाली किंवा गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी ओल आहे, तर ती गळती आहे. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ हवेच्या मार्गात, म्हणजे इनटेकमध्ये सोडणारी झडप) काढून हलवून बघा. आत टकटक वाजत नसेल तर तो चिकटलाय आणि ऑईलची वाफ इनटेकमध्ये ओढली जातेय. हा भाग काही शे रुपयांचा, पण गॅरेजात अनेकदा तो न बघताच थेट हाफ इंजिनचा विषय निघतो, याचं मला वाईट वाटतं.

कॉम्प्रेशन टेस्टही (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) मागा, सुकी आणि ओली दोन्ही. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घातल्यावर आकडा चांगला चढला तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हकडे. आकडे चांगले असूनही ऑईल रिंग अडकलेली असू शकते, म्हणून मेकॅनिकला चारही प्लग काढून दाखवायला सांगा. एकच प्लग तेलकट असेल तर दोष त्याच सिलिंडरचा.

गळती आणि पीसीव्हीचं काम झाल्यावरही खप तसाच राहिला, तर फक्त एक पायरी वर जा: 5डब्ल्यू-40 किंवा 10डब्ल्यू-40, तेही पुस्तिकेत 40 ग्रेडला मान्यता असेल तरच. डब्यावर एसीईए ए3/बी4 हा युरोपीय दर्जा लिहिलेलं सिंथेटिक ऑईल घ्या. या दर्जात तापल्यावर उडून जाणाऱ्या ऑईलची मर्यादा 13 टक्के आहे, तर एपीआय एसएन या अमेरिकी दर्जाच्या 5डब्ल्यू-30 मध्ये 15 टक्क्यांपर्यंत चालते. खप काही वेळा जाडपणापेक्षा यामुळेच कमी होतो. 2,000 किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. फरक नसेल तर पुढच्या बदलाला मूळ ग्रेडवर या.

खरा आर्थिक धोका पातळी खाली जाण्यात आहे. तुमच्या इंजिनात ऑईल मावतं तीनेक लिटर. दोन टॉप-अप विसरलात तर बेअरिंगं जातील आणि मग 55,000 मध्येही भागणार नाही. दर 500 किलोमीटरला डिपस्टिक बघा, डिकीत सीलबंद लिटरचा डबा ठेवा. जळलेल्या ऑईलमधलं फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) हळूहळू निकामी करतं आणि तो बदलायचा खर्च हजारोंत जातो, त्यामुळे पीयूसीचे आकडे दर वेळी जपून ठेवा.

या महिन्यापासून 1,500 रुपयांची आवर्ती ठेव गाडीच्या नावाने सुरू करा. 2027 मध्ये गाडीला 15 वर्षं होतील, तेव्हा फिटनेस तपासणी आणि 5,000 रुपये नोंदणी नूतनीकरण शुल्क येईल, वर पर्यावरण कर. खप 700 किलोमीटरला एक लिटरवर गेला, किंवा पीयूसी नापास झाली, तर ती तपासणी येण्याआधीच गाडी विकायला काढा. तोवर साठलेली ठेव पुढच्या गाडीच्या डाउन पेमेंटला जाईल.