पूर आला की बंदूक कुठे ठेवणार?

प्रश्न: मी मिरज तालुक्यात कृष्णाकाठी राहतो. २०१९ च्या महापुरात आम्ही सगळे छावणीत होतो. परत आलो तर वरच्या मजल्याची खिडकी फोडून तांब्या-पितळेची भांडी, टीव्ही आणि आईची पेटी गेलेली. २०२१ ला घरच्यांना पाठवून मी एकटा वर थांबलो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आबांच्या नावावर बारा बोअरची डबल बार (दोन नळ्यांची) बंदूक होती. आबा जाऊन चौदा महिने झाले. बंदूक आणि नऊ काडतुसं कपाटात आहेत. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, पिस्तूल घे, हाताशी राहतं. गावातला एक जण पंचवीस हजारांत ‘वस्तू’ आणून देतो म्हणतो. गल्लीतल्यांचं म्हणणं, पुढच्या पुरात तूच बंदूक घेऊन राखणीला थांब. अशा आपत्तीत घर राखायला कोणतं हत्यार बरं? आणि चोरावर गोळी झाडली तर माझ्यावर केस होईल का?

उत्तर: आधी कपाटाचं बोलू, हत्याराची निवड नंतर.

घर आणि जमीन वारसाहक्काने तुमच्याकडे येते, शस्त्राचा परवाना येत नाही. आबा गेले त्या दिवशी ती बंदूक बाळगायचा हक्क घरात कुणालाच उरला नाही, मग परवान्यावर पुढची कोणतीही तारीख छापलेली असो. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम २१ सांगतं की, कोणत्याही कारणाने शस्त्र जवळ ठेवणं बेकायदा झालं की ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. चौदा महिने म्हणजे फार झाले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद, शिवाय दंड अशी झाली आहे. नुसती काडतुसं सापडली तरी गुन्हा होतो.

स्वतःहून जमा करायला आलेल्या वारसाला आत टाकायची हौस सहसा कुणा अधिकाऱ्याला नसते. घोळ होतो तो दुसऱ्या कुणी बंदूक दाखवून दिली की. माझ्याकडे असा एक पक्षकार होता. बांधावरून भाऊबंदकी पेटली आणि चुलतभावाने ठाण्यात जाऊन ‘त्याच्या माळ्यावर बंदूक आहे’ एवढंच सांगितलं. वडिलांची बंदूक, तीन वर्षं गोणपाटात गुंडाळलेली, एकदाही न वाजलेली. जामीन झाला, पण नंतर त्याने परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा तो खटला आडवा आला.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. आबांचा परवाना आणि मृत्यूचा दाखला शोधा. बंदुकीचा क्रमांक, ती कुठल्या कंपनीची आहे ते आणि काडतुसांची संख्या लिहून ठाण्याच्या निरीक्षकांना अर्ज द्या आणि उशीर का झाला ते खरं खरं लिहा. अर्ज दिल्याशिवाय बंदूक गोणीत घालून मोटरसायकलवरून नेऊ नका. वाटेत नाकाबंदीत अडवलं तर ‘जमा करायलाच निघालो होतो’ हे पटवणं जड जाईल. आधी अर्ज, मग ते सांगतील तसं, शक्य तर सोबत एखाद्या पोलिसाला किंवा वकिलाला घेऊन. जमा केल्याची पावती घ्या आणि किती मुदतीत बंदूक परत मागायची किंवा विकायची ते त्याच वेळी विचारा. मुदत उलटली की ती सरकारजमा होते.

परत मिळवायचा रस्ता शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ मध्ये आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देता येतो. आई, भाऊ, बहिणी असतील तर त्यांची संमतीपत्रं जोडा, नाहीतर फाइल तिथेच अडते. खरं तर आबांना हयातीतच हे उरकता आलं असतं. वय ७० झालं किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा परवानाधारक आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. ज्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेले आबा आणि भिंतीवर बंदूक दोन्ही आहेत, त्यांनी हे वाक्य आज जेवताना मोठ्याने वाचावं.

आता निवड. दुकानात गेल्यासारखी ती तुमच्या हातात नाही, कायद्याने ती आधीच बरीच करून ठेवली आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये दोन दारं आहेत. नळी आतून गुळगुळीत आणि किमान २० इंच लांब असलेली बंदूक संरक्षणासाठी मागणाऱ्या नागरिकाला परवाना ‘द्यावा’ असे शब्द आहेत. बारा बोअर त्यातच बसते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागायचं तर योग्य कारण अधिकाऱ्याला पटावं लागतं. पोलीस अहवाल आणि नकाराचे अधिकार दोन्हीकडे आहेतच, तरी पहिलं दार रुंद आहे. त्यात पिस्तुलाच्या नळीच्या मापांची ९ एमएम, .३८ ही नावं भाऊ कुठे ऐकून आला असेल तर ती सामान्य माणसाला मिळत नाहीत, त्याला .३२ वर यावं लागतं. परवाना ५ वर्षांचा, एका माणसाकडे जास्तीत जास्त २ बंदुका, आणि वारसाने आलेली त्यात धरतात. बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. म्हणजे तुमच्यासाठी सरळ वाट आबांच्याच डबल बारची आहे. २०१९ च्या चोरीची फिर्याद दिली होती का? पत्रात नाही. दिली असेल तर तिची प्रत अर्जाला जोडा, ‘पूर येतो’ या दोन शब्दांपेक्षा तो कागद जास्त बोलेल.

पंचवीस हजारांच्या ‘वस्तू’बद्दल एकच सांगतो, त्या माणसाचा फोन पुन्हा उचलू नका. विकणाऱ्याला ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तो पकडला गेला की गिऱ्हाइकांची यादी सर्वांत आधी देतो.

समजा, परवाना झाला, बंदूक घरी आली. ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडतं आणि गाव रिकामं करायचा निरोप येतो. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आता बंदुकीचं काय करणार? बंदूक घर राखते ती कुणीतरी घरात असेल तरच. पुरात घरात कुणी असू नये, हीच तर प्रशासनाची सगळी धडपड. बंदूक मागे ठेवून निघालात तर खिडकी फोडणाऱ्याला यंदा भांड्यांसोबत ती मिळेल, आणि ती पुढे कुठे वाजली तर चौकशीची पहिली नोटीस तुमच्या दारावर. सोबत घेतलीत तर होडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, शाळेतल्या छावणीत, लहान पोरांच्या गर्दीत ती सांभाळत बसायची. पुण्याला भावाकडे न्यायची तर परवान्याचं क्षेत्र तुमच्या जिल्ह्यापुरतं आहे की राज्याचं, ते आधी पाहावं लागेल. शिवाय अशा दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं घेऊन फिरण्यावर बंदीचा हुकूम निघालेला असू शकतो.

माझा सल्ला विचाराल तर परवाना मिळाल्यावरही दर वर्षी मृगाआधी बंदूक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा ठाण्यात सुरक्षित ठेवायला द्यायची, पावती घ्यायची आणि पाणी ओसरल्यावर आणायची. निवडणुकीत लोक जमा करतातच की.

गोळीचा प्रश्न. केस होईल का? होईल. गुन्हा नोंदला जाईल, बंदूक जप्त होईल, अटकही होऊ शकते. स्वसंरक्षणाचा मुद्दा त्यानंतर येतो आणि तो मांडायची जबाबदारी तुमची. सरकार पक्षाइतका कडक पुरावा तुम्हाला द्यावा लागत नाही, शक्यता तुमच्या बाजूला झुकते इतकं दाखवलं तरी पुरतं. १ जुलै २०२४ पासून हा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे.

मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो, हे कलम ४१ सांगतं: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि जिथे जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशी चोरी किंवा घुसखोरी. म्हणजे तुम्ही वर झोपलेले, रात्री दोनला कुणी होडीतून येऊन खिडकीचे गज कापून आत शिरतोय, तर कायदा तुमच्या बाजूने बराच पुढे येतो. पण दिवसाढवळ्या कुणी गोठ्यातून पाण्याची मोटर उचलून नेतोय आणि हातात काहीच नाही, तर त्याला अडवा, ढकला, धरून ठेवा. जीव घ्यायचा हक्क नाही. आणि न्याय संहितेचं कलम ३७ सगळ्यांच्या वर: गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. पुरात रस्ता तुटलेला असताना पोलीस पोहोचू शकत नव्हते, हा मुद्दा तुमच्या उपयोगाचा आहे; मात्र ११२ ला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ ला फोन केल्याची नोंद हवी.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती शेवटच्या गोळीत. साठच्या दशकातला ‘जयदेव विरुद्ध पंजाब’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आम्ही वकील अजून वाचतो. शेतीच्या वादात गाव चालून आलं, आरोपींना बचावाचा हक्क होता हे न्यायालयाने मानलं. पण जमाव पळू लागला तेव्हा धोका संपला होता, आणि लांब पळणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्यांसाठी शिक्षा झाली. तुमच्या घरापासून दूर निघालेली होडी हेच प्रकरण आहे. त्यात काळोखात, पावसात, दिवा नसलेली होडी चोराची की लोकांना काढायला आलेल्या जवानांची, ते तुम्ही वरून कसं ओळखणार? बारा बोअरचे छर्रे पसरतात, होडीत चार माणसं असतील तर चौघांना लागतात.

याच कारणाने गल्लीच्या राखणीला माझा ठाम नकार आहे. दुसऱ्याच्या जिवासाठी आणि मालासाठीही बचावाचा हक्क आहे, कलम ३५ तसं म्हणतं. पण संकटाच्या दिवसांत अफवा पाण्याआधी पोहोचते. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत पालघरच्या गडचिंचलेत चोर समजून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. तिथली माणसंही आपापल्या मते गाव राखत होती. राखण करायची तर पोलीस पाटलांना सांगून ग्रामसुरक्षा दलातर्फे करा. बॅटरी, शिट्टी, भोंगा आणि पाच-सहा जण एकत्र. बंदूक नको.

मालाचं म्हणाल तर त्याला विमा आहे. २०२१ पासून विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरीव पॉलिसी मिळते. पुराचं नुकसान त्यात येतंच, आणि पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांच्या आत त्यामुळे झालेली चोरीही येते. ही ओळ फार थोड्यांना ठाऊक असते. वरच्या मजल्यावरच्या सामानाचे आत्ताच फोटो काढा, बिलं मोबाइलवर ठेवा, आणि परत आल्यावर कुलूप तुटलेलं दिसलं तर झाडलोट करण्याआधी पोलीस आणि विमा कंपनी दोघांना कळवा. झाडून काढल्यावर पंचनामा कशाचा करणार?

आईची पेटी तर गेली, पण तिचं जे जपायचं असेल ते पाऊस लागला की तिच्यासोबत आधीच एखाद्या नातेवाइकाकडे पाठवा. बंदूक जमा केल्याची पावती मिळाली की तिची एक प्रत मला पाठवा, वारसाच्या अर्जाला ती लागेल.