पूर्ण भूल देणार, मग नाकात औषधाच्या पट्ट्या कशासाठी?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या नाकातील पॉलिप (मऊ मांसल वाढ) दुर्बिणीने काढायचे ठरले आहे. पूर्ण भूल देणार असूनही आधी नाकात बधिरतेच्या औषधात भिजवलेल्या पट्ट्या ठेवणार, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांची गरज काय? वडिलांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत.
— एक वाचक, सांगली

उत्तर : या पट्ट्या वेदनेपेक्षाही रक्तस्राव आवरण्यासाठी अधिक महत्त्वाच्या आहेत. नाकाच्या आतल्या नाजूक आवरणात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीच्या भिंगावर रक्ताचा एक थेंब आला तरी समोरचे दिसेनासे होते, आणि डोळ्याची खोबण व मेंदूचा तळ तेथून अगदी जवळ असल्याने स्वच्छ दिसणे हीच रुग्णाची मोठी सुरक्षितता असते. शिवाय नाक बधिर असले की पूर्ण भुलेतही शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब उसळण्याचे प्रमाण कमी होते.

व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये डोळा बधिर करण्यासाठी वापरलेले कोकेन लवकरच नाकासाठीही वापरात आले, कारण ते बधिरता आणते आणि रक्तवाहिन्याही आकुंचित करते. परंतु त्याचे व्यसन लागते आणि हृदयावर ताण येतो. निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार केलेले लिग्नोकेन हे बधिरतेचे औषध त्या मानाने सुरक्षित असले, तरी ते रक्तवाहिन्या आकुंचित करत नाही, म्हणून त्याच्या जोडीला ॲड्रिनलिन किंवा झायलोमेटाझोलिन वापरतात.

‘वरून लावायचे औषध’ म्हणून लिग्नोकेन निरुपद्रवी समजू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण नाकातून ते झपाट्याने रक्तात शोषले जाते. ४ टक्के द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम लिग्नोकेन असते आणि ॲड्रिनलिनविना कमाल मात्रा साधारणतः किलोमागे ४.५ मिलिग्रॅम मानतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला ७ मिलिलिटरही जास्तच ठरतात. मात्रा ओलांडली तर ओठांभोवती मुंग्या येणे, कानात आवाज येणे, झटके येणे, असे परिणाम संभवतात; पूर्ण भुलेत रुग्ण पहिली दोन लक्षणे सांगू शकत नाही, म्हणून मात्रेचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो.

ॲड्रिनलिनमुळे नाडी आणि रक्तदाब काही काळ वाढू शकतात. त्यामुळे वडिलांच्या सर्व गोळ्यांची नावे, विशेषतः बीटा ब्लॉकर (हृदयाची गती व रक्तदाब कमी करणारी औषधे) आणि रक्त पातळ करणारी औषधे, भूलतज्ज्ञांना आधीच लिहून द्यावीत; मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. औषध घशात उतरल्यास गिळण्याची जाणीव काही काळ मंदावते, म्हणून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्यांना पाणीही देऊ नये.