ब्रिस्केट कापायला सुरी कोणती घ्यावी?

डॅलसच्या घरी नव्या स्मोकरवर (धुरावर मांस शिजवायच्या भट्टीवर) ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, छान होतंय, पण ८ इंची शेफ नाइफने कापताना काप फाटतात, वरची काळी खरपूस साल सुटून येते. तर १२ इंची सुरी घ्यावी, १४ इंची, की जपानी सुजिहिकी (मांसाचे काप काढायची लांब, अरुंद सुरी), असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: १२ इंची, अरुंद पात्याची, गोल टोकाची स्लायसर (काप काढायची लांब सुरी) घ्या, तीही मधल्या किमतीची. वाचलेले पैसे धार लावायच्या दगडात घाला.

खरी मेख लांबीत आहे. ब्रिस्केट २०० अंश फॅरनहाइटच्या आसपास पोचेपर्यंत त्यातल्या कोलॅजेनचं जिलेटिन झालेलं असतं आणि मांसाचे धागे एकमेकांना जेमतेम धरून असतात. त्यावर सुरी करवतीसारखी पुढेमागे चालवली की ते सुटणारच. पातं मांसाच्या रुंदीपेक्षा तीन-चार इंच तरी जास्त हवं, म्हणजे मुठीजवळ सुरू झालेला काप टोकापर्यंत एका ओढीत पूर्ण होतो. ८ इंचीची ओढ मध्येच संपते, सुरी पुन्हा पुढे न्यावी लागते, आणि कापावर तिथेच पायरी पडते. ब्रिस्केटची साल निघतेय ती या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत.

पातं दीड इंचाच्या आसपास रुंद असलं की पुरे. शेफ नाइफच्या रुंद पात्याला चरबी चिकटते आणि पातं निघताना काप सोबत ओढला जातो. १४ इंची सुरी दुकानात दिवसभर ब्रिस्केट कापणाऱ्यांना शोभते. घरच्या पाटावर तिचं टोक बाहेर जातं, ड्रॉवरमध्येही ती मावत नाही.

सुजिहिकीबद्दल मला मनापासून आदर आहे. बिनहाडाच्या मांसाचे तिच्यासारखे तलम काप दुसरी सुरी क्वचितच काढते. पण व्हीजी-१० सारखं जपानी पोलाद रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ६० च्या आसपास असतं आणि धारही बारीक असते. उद्या प्राइम रिब (हाडासकट भाजलेलं गाईच्या फासळ्यांचं मांस) कापताना फासळीवर ती आपटली की कपचा उडतो. व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या फायब्रॉक्स सुरीचं पोलाद साधारण ५५-५६ चं. हाडाला लागलं तर धार बहुधा वाकते, आणि होनिंग रॉडवर (धार सरळ करायच्या दांडीवर) चार हात फिरवले की सरळ होते. डेक्स्टर-रसेल कंपनीची सॅनी-सेफही अशीच कामाची सुरी आहे. दोन्हींच्या मुठी ओशट हातात घसरत नाहीत, आणि चरबी कापताना हे फार महत्त्वाचं.

पात्यावरच्या लंबगोल खळग्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. त्यांनी धार वाढत नाही, काप चिकटणं थोडं कमी होतं, आणि तेही थंड हॅमवर जास्त जाणवतं. दातेरी सुरी कडक सालीत पटकन शिरते हे खरं, पण कापाचा चेहरा खरबरीत होतो आणि तिला घरी धार लावणं जिकिरीचं. इलेक्ट्रिक नाइफही याच कारणासाठी नको.

धारेची परीक्षा अशी करा: सुरीची धार वर करून दिव्याखाली धरा आणि मुठीपासून टोकापर्यंत नजर फिरवा. तीक्ष्ण धार दिसतच नाही. जिथे बारीक पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो, तिथे ती बोथट झालीय. मग १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा) दगडावर लावा. सुरी आत घालून ओढायचे ते स्वस्त शार्पनर पोलाद खरवडून काढतात, त्यांच्यापासून लांब राहा. काचेचा कटिंग बोर्ड आणि डिशवॉशर, दोन्ही धारेचे वैरी.

आणि कितीही चांगली सुरी आणली तरी स्मोकरमधून काढल्या काढल्या कापू नका. मांस १५० अंश फॅरनहाइटपर्यंत निवू द्या. धाग्यांच्या आडवं कापायचं. ब्रिस्केटच्या फ्लॅट (सपाट, कमी चरबीचा) आणि पॉइंट (जाड, चरबीचा) या दोन भागांचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात, त्यामुळे दोन्ही भाग एकावर एक येतात तिथे थांबा आणि पॉइंटचा भाग काटकोनात फिरवून घ्या. काप पेन्सिलीइतका जाड. सुरीवर दाब नको, नुसती लांब ओढ. दुसऱ्या हाताने साल वरून हलकेच धरून ठेवा. काप बोटावर टाकल्यावर वाकून लोंबला, तुटला नाही आणि दोन्हीकडून जरा ओढताच सुटला, तर शिजणं आणि कापणं दोन्ही जमलं.

थँक्सगिव्हिंगच्या टर्कीसाठीही हीच स्लायसर चालेल. फक्त गोल टोक सांध्यात शिरत नाही, म्हणून तंगड्या सोडवायला आणि छातीचं मांस हाडावरून उतरवायला ६ इंची बोनिंग नाइफ जोडीला घ्या. उतरवलेली छाती पाटावर ठेवून मग लांब सुरीने आडवी कापा, म्हणजे प्रत्येक कापाला कातडीची कड राहते.